हीटर कशाला लागतो मुंबईत?

मुंबईत गाडीला हीटर कशाला लागतो, असं इथल्या कुठल्याही गॅरेजात विचारलं तर लोक हसतात. चेंबूरला जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा पंधरा-सोळावर उतरतो. त्या दिवशी डायमंड गार्डनला फेऱ्या मारणाऱ्या आजोबांच्या कानटोप्या बाहेर येतात, पेपरात 'मुंबई गारठली' असा मथळा येतो आणि अकरा वाजता सगळे पुन्हा घामाघूम असतात. तरीही इथं विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक चारचाकीच्या डॅशबोर्डमागे एक हीटर बसलेला असतो. कारण गाडी काही एकट्या मुंबईसाठी बनत नाही. तीच गाडी सिमल्यालाही विकायची असते.

हा हीटर म्हणजे वेगळी शेगडी नसते. इंजिन चालताना प्रचंड तापतं, ती उष्णता कूलंट शोषून घेतं आणि पुढच्या रेडिएटरमध्ये हवेला देऊन टाकतं. त्याच गरम कूलंटची एक बारीक शाखा इंजिन आणि केबिनमधला पत्रा ओलांडून आत येते आणि डॅशबोर्डमागच्या वहीएवढ्या छोट्या रेडिएटरमधून फिरून परत जाते. त्यावरून पंखा हवा मारतो, झाला हीटर. जुन्या गाड्यांमध्ये या शाखेवर एक तोटी असते. गॅरेजवाले तिला हीटर कॉक म्हणतात. डॅशबोर्डवरची दांडी निळ्याकडून लालकडे सरकवली की एक केबल ओढली जाते, कॉक उघडतो आणि गरम पाणी आत येतं. (नव्या बऱ्याच गाड्यांत कॉक नसतो. पाणी सतत फिरत असतं आणि आतली एक झडप हवा गरम बाजूने न्यायची की थंड, ते ठरवते.)

वापरच नसलेली ही तोटी मग कुठेतरी बिघडते. दोन प्रकारे. एक तर ती उघड्या स्थितीत अडकते, आणि मे महिन्यात सायन-ट्रॉम्बे रोडवर एसी फुल असतानाही पायाशी झळा लागत राहतात. नाहीतर ती गळायला लागते. हे जास्त वाईट. थेंबथेंब कूलंट कमी होतं, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एके दिवशी सिग्नलला काटा लालमध्ये जातो. अॅल्युमिनियमचं सिलिंडर हेड तापून वाकलं, गॅस्केट गेलं, तर जुन्या गाडीच्या किमतीच्या मानानं तो खर्च डोळ्यांत पाणी आणणारा असतो.

यावर मुंबईतला प्रत्येक मिस्त्री जाणतो असा एक उपाय आहे. पत्र्यापाशी आत जाणारा आणि बाहेर येणारा असे जे दोन रबरी होज असतात ते काढायचे आणि एकमेकांना जोडून टाकायचे. इंग्रजी यू अक्षरासारखा होजचा एक तुकडा, दोन क्लिपा, अर्धा तास. पाणी इंजिनातून निघतं, वळतं, इंजिनात परत जातं. केबिनला आता त्याची खबरच नाही. हा झाला बायपास.

आमच्याकडच्या २००४ सालच्या पेट्रोल हॅचबॅकचं हेच झालं. कॉक गळत होता, नवा मिळत नव्हता, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळाला असता पण तोही तितकाच म्हातारा. मिस्त्री बाबांना म्हणाला, "काका, कॉक शोधण्यात आठवडा जाईल. आणि लावून करणार काय? हीटर कधी लावलाय का तुम्ही?"

बाबांनी आठवून सांगितलं, "पंधरा वर्षांत एकदा. महाबळेश्वरला."

"मग?"

या 'मग?'ला उत्तर नव्हतं आणि मला अजूनही वाटतं की तिथं तरी मिस्त्रीचंच बरोबर होतं. त्यानं कामही नीट केलं होतं. घाईतले लोक दोन्ही तोंडांना बुचं मारतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरतं ठेवायला हीच छोटी वाट उपयोगी पडते. ती बुजवली तर पाणी कुठेतरी साचून तापतं. यानं बुच न मारता वळण दिलं होतं. वाट कायम ठेवून फक्त घर वगळलं होतं. बायपास म्हटलं की आपल्याला लगेच 'जुगाड' आठवतो आणि मग एक तर त्याचं कौतुक सुरू होतं किंवा त्याची लाज वाटायला लागते. दोन्हीची गरज नाही. बायपासमध्येही नीट केलेला आणि वाईट केलेला असा फरक असतो आणि तो करणाऱ्याच्या हाताला माहीत असतो.

मला पडलेला प्रश्न निराळा आहे. बायपास म्हणजे दुरुस्ती का?

माझ्या ऑफिसात हा प्रश्न रोज येतो, फक्त त्याला कोणी प्रश्न म्हणत नाही. एखादी सर्व्हिस उत्तर देत नाही, ग्राहक ओरडतोय, मग तिला वगळून पुढे जाणारी चार ओळींची वाट काढायची आणि वर कॉमेंट लिहायची: 'तात्पुरतं'. मी असे 'तात्पुरते' पाहिलेत जे लिहिणाऱ्यानं तीन नोकऱ्या बदलल्या, लग्न केलं, कॅनडाला गेला, आणि ओळी अजून चालू आहेत. दुरुस्तीत बिघडलेली गोष्ट पुन्हा ते करू लागते जे ती करायची. बायपासमध्ये ती गोष्ट तशीच बिघडलेली राहते. तिच्यावाचून चालेल अशी बाकीच्यांची व्यवस्था होते. म्हणजे बिघाड बरा होत नाही, त्याची गरज संपवली जाते. गरज संपली आहे, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. माझ्या मते सगळी नैतिक गुंतागुंत या 'कोणीतरी ठरवलेलं' मध्ये आहे.

हृदयाचं बघा. १९६७ साली क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदानं पायाची नीला वापरून हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा घालणारी शस्त्रक्रिया केली आणि पुढे ती जगभर रुळली. ती तुंबलेली धमनी दुरुस्त करत नाही. ती जिथं होती तिथं, तशीच राहते. ज्या आजारामुळे ती तुंबली तोही शरीरात राहतो, आणि नव्या वाटेलाही काही वर्षांनी तोच धोका असतो. तरी कोणी म्हणत नाही की डॉक्टरनं वेळ मारून नेली. का? माझ्या अंदाजानं, कारण तिथं कोणाला फसवलं जात नाही. छातीवर व्रण असतो, घरात फाइल असते, गोळ्या असतात. कोणत्याही नव्या डॉक्टरसमोर बसल्यावर पहिलं वाक्य तेच असतं: "माझी बायपास झालीय." आणि वाट ज्याची वळवली, जगणं-मरणंही त्याचंच असतं. ठरवणारा आणि भोगणारा एकच.

गाडीत तसं नसतं. गाडी विकली जाते.

पण त्याआधी मिस्त्रीच्या 'मग?'कडे परत जायला हवं, कारण त्याला एक उत्तर आहे आणि ते मला बरंच उशिरा कळलं. हीटर फक्त माणसाला ऊब देत नाही. घाट चढताना इंजिन तापायला लागलं आणि लगेच थांबायला जागा नसेल, तर जुने ड्रायव्हर एसी बंद करतात, काचा खाली घेतात आणि हीटर पूर्ण गरमवर टाकून पंखा जोरात सोडतात. पाय भाजून निघतात. पण डॅशबोर्डमागचा तो छोटा रेडिएटर अशा वेळी मोठ्याचा भार थोडा उचलतो, इंजिनातली उष्णता केबिनमधून बाहेर जाते आणि पुढच्या वळणावर कडेला घेईपर्यंतचा वेळ मिळतो. शिवाय थंड, दमट हवेत समोरची काच आतून धुरकटते, ती साफ करायला कोरडी गरम हवा लागते. मुंबईच्या पावसात एसीवर भागतं. बाहेर आठ अंश असताना भागवणं जड जातं.

म्हणजे 'हीटर' हे नावच फसवं आहे. आपण नावावरून त्याचं काम ठरवलं, त्या कामाची आपल्याला गरज नाही असं ठरवलं, आणि काढून टाकताना त्याच्या पोटात असलेली दुसरी दोन कामंही गेली. सॉफ्टवेअरवाल्यांना हे चेस्टरटनच्या कुंपणाच्या नावानं पाठ असतं: जी. के. चेस्टरटननं १९२९ च्या 'द थिंग' या पुस्तकात रस्त्यातल्या एका कुंपणाचं उदाहरण देऊन म्हटलं होतं की ते कशासाठी आहे हे ज्याला माहीत नाही त्यानं ते पाडू नये. आमच्याकडे दर तिसऱ्या मीटिंगमध्ये कोणीतरी हे ऐकवतो, बहुतेक वेळा काम टाळण्यासाठी. तरी मुद्दा खरा आहे. मात्र अर्धाच. कारण हीटरचं घाटातलं काम मिस्त्रीला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याला माहीत होतं की बाबा आता घाटात गाडी नेत नाहीत. त्यानं कुंपण ओळखूनच पाडलं होतं, फक्त बाबांपुरता विचार करून.

बायपासची अजून एक सवय आहे, आणि ती मला यापेक्षा गंभीर वाटते. तो 'का'चा पिच्छा सोडतो.

रसायन उद्योगातल्या सुरक्षिततेच्या अभ्यासात शिकवलं जाणारं एक गाव आहे, इंग्लंडमधलं फ्लिक्सबरो. तिथं नायलॉनचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात सायक्लोहेक्झेन हे ज्वालाग्राही द्रव एकापाठोपाठ जोडलेल्या सहा टाक्यांमधून वाहायचं. प्रत्येक टाकी आधीच्या टाकीपेक्षा थोडी खाली. मार्च १९७४ मध्ये पाचव्या टाकीला उभी भेग सापडली. टाकी काढली, आणि उत्पादन थांबू नये म्हणून चौथी ते सहावी असा सुमारे २० इंची पाइपाचा बायपास टाकला. टाक्यांच्या पातळ्या वेगळ्या असल्यामुळे पाइप सरळ बसेना. त्याला कोपरासारखं वळण द्यावं लागलं, दोन्ही टोकांना लवचीक जोड, खाली परातीच्या बांबूसारखा तात्पुरता आधार. या पाइपाचं जे एकमेव रेखाचित्र काढलं गेलं ते वर्कशॉपच्या फरशीवर, खडूनं. वळणदार पाइपावर दाबामुळे किती पीळ पडेल याचं गणित कोणी केलंच नाही. ते करू शकेल अशा अभियंत्याची जागा त्या काळात रिकामी होती. एप्रिलपासून कारखाना पुन्हा चालू झाला. १ जून १९७४ ला, शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास तो जोड फाटला. वायूचा ढग पेटला आणि २८ माणसं मेली. शनिवार नसता तर कार्यालयं भरलेली असती.

यातलं खडूचं रेखाचित्र सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला दुसरी गोष्ट जास्त त्रास देते. पाचव्या टाकीला भेग का पडली, याचा छडा लावण्यासाठी कारखाना थांबला नाही. बाकीच्या पाच टाक्याही पुन्हा सुरू करण्याआधी नीट तपासल्या गेल्या नाहीत. नंतर कळलं की गळती पातळ करायला टाकीवर जे पाणी सोडलं जायचं त्यातल्या नायट्रेटनं पोलाद खाल्लं होतं. म्हणजे पाचवी टाकी काहीतरी सांगत होती. बायपासनं तिचं बोलणंच बंद केलं.

आपल्याकडच्या भोपाळचं नाव इथं आल्याशिवाय राहत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जे घडलं त्याआधीच्या काही महिन्यांत त्या कारखान्यातली विषारी द्रव थंड ठेवणारी यंत्रणा बंद केलेली होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळाचा तुकडा काढून ठेवल्यामुळे जोडलेलाच नव्हता, आणि दोन नळवाटांना जोडणारी एक 'जम्पर लाइन' देखभालीची सोय म्हणून टाकलेली होती. टाकीत पाणी नेमकं कोणत्या वाटेनं शिरलं यावर वाद झाला. कंपनीनं घातपाताची बाजू मांडली. पण तो वाद बाजूला ठेवला तरी उरतं ते पुरेसं आहे. बंद ठेवण्याचा, वगळण्याचा, जोडून टाकण्याचा प्रत्येक निर्णय कुंपणाच्या आत घेतला गेला होता आणि कुंपणाबाहेर झोपलेल्या एकालाही त्यातला एकही माहीत नव्हता.

चेंबूरमध्ये वाढलेल्या माणसाला हे वाचताना जरा वेगळं वाटतं. आमच्या उपनगराला 'गॅस चेंबर' म्हणण्याचा विनोद आमच्या जन्माआधीचा आहे. माहुलच्या रिफायनऱ्या, खत कारखाना, टाक्यांच्या रांगा हे आमचं क्षितिज. ८ ऑगस्ट २०१८ ला तिथल्या एका रिफायनरीत स्फोट झाला तेव्हा हादरा दूरपर्यंत जाणवला. तिथं आत काय वगळलंय किंवा नाही, याबद्दल मी काहीही सुचवत नाहीये. बहुधा त्यांची नोंदवही माझ्या ऑफिसातल्यापेक्षा शंभर पटीनं चांगली असेल. मी एवढंच म्हणतेय की अशा ठिकाणी राहणारा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांनी घेतलेल्या तांत्रिक निर्णयांच्या वाऱ्याच्या दिशेला झोपतो, आणि त्याला सहसा विचारलं जात नाही.

प्रमाण सोडून बोलतेय असं वाटेल. कुठे भोपाळ आणि कुठे दोन क्लिपा आणि होजचा तुकडा! मान्य. पण आमच्या कॉकचंही तसंच होतं. कॉक का अडकला? वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी टॉप-अप करत गेल्यामुळे. क्षार आणि गंज सर्वांत आधी बारीक वाटेत साचतात. म्हणजे कॉक बिघडला नव्हता, कॉकमध्ये आधी दिसलं होतं. तेच पाणी रेडिएटरमध्ये आणि वॉटर पंपातही होतं. बायपास झाल्यावर गळती थांबली, काटा स्थिर झाला, आणि त्या पाण्याबद्दल बोलायचं कोणाला कारणच उरलं नाही.

मग करायचं काय? बायपास करूच नये? असं म्हणणारा माणूस एक तर खूप श्रीमंत असतो किंवा त्याला कधी स्वतः काही चालू ठेवावं लागलेलं नसतं. या शहरात कोणाची टॅक्सी, कोणाचा मिक्सर, कोणाची पाण्याची मोटर अशाच वळणांवर चालते. शेजारच्या कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी कारखाना बंद झाल्यावरही टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत धावली, ती काही कंपनीच्या शोरूममधून सुटे भाग आणून नाही.

मराठीत एक फार चांगला शब्द आहे: ठिगळ. आपण तो हिणवण्यासाठी वापरतो, पण ठिगळाचा एक गुण कुणी मोजत नाही. ते दिसतं. गोधडीवर आजीच्या जुन्या पातळाचा तुकडा कुठे लावलाय ते आंधळ्यालाही हातानं कळतं. तिथं कापड विरलंय, जपून ओढ, हे ठिगळच सांगतं. बायपासचा स्वभाव याच्या उलट. तो जितका चांगला केलेला तितका कमी दिसतो. आमच्या गाडीत दांडी अजूनही लालकडे सरकते, केबल ओढली जाते, पंखा फिरतो. फक्त तिकडे कोणी नसतं.

बायपासला ठिगळ बनवायची सर्वांत नेटकी पद्धत मी वाचली ती विमानांची. विमानातली प्रत्येक वस्तू नेहमी चालू असतेच असं नाही, आणि प्रत्येक बिघाडासाठी उड्डाण रद्दही होत नाही. कोणत्या गोष्टी बंद असताना उडता येईल याची एक मंजूर यादी असते. त्या यादीप्रमाणे काही वगळलं तर लॉगबुकात लिहावं लागतं, कॉकपिटमध्ये त्या बटणाशेजारी 'हे चालत नाही' असं लेबल लावावं लागतं, आणि मुदत सुरू होते. बी वर्गातल्या गोष्टीला ३ दिवस, सी वर्गाला १०, डी वर्गाला १२०. मुदतीत दुरुस्त करा नाहीतर विमान उभं करा. मला यातली मुदत आवडते, पण त्याहून लेबल. पुढच्या वैमानिकाचा हात त्या बटणाकडे जाणार, हे गृहीत धरून कोणीतरी आधीच तिथं उभं राहिलेलं असतं.

या वर्षी बाबांनी गाडी काढायची ठरवली. पंधरा वर्षं उलटल्यावर एकदा नोंदणी वाढवून घेतली होती; पुन्हा ते सगळं, ग्रीन टॅक्स, फिटनेस, नको म्हणाले. ओळखीतून एक गिऱ्हाईक आलं: निफाड तालुक्यातले एक तरुण शिक्षक. ज्यांना निफाड माहीत नसेल त्यांच्यासाठी: हिवाळ्यात महाराष्ट्रातलं सर्वांत कमी तापमान म्हणून ज्या गावाचं नाव वारंवार येतं ते हे. द्राक्षं गारठू नयेत म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. आणि चेंबूरहून निफाडला जायचं म्हणजे कसारा घाट चढायचा. गाडीच्या सगळ्या आयुष्यात हीटर लागेल असं एकच गिऱ्हाईक येणार होतं, आणि ते आलं.

"त्यांना सांगायचं ना, बाबा?" मी म्हणाले.

"काय सांगायचं?"

"हीटर नाही म्हणून."

"हीटर आहे," बाबा म्हणाले. "जोडलेला नाही."

बाबा खोटं बोलणारे नाहीत. रिक्षावाल्यानं दोन रुपये जास्त परत दिले तर मागे धावणारा माणूस. त्यांचं म्हणणं असं होतं की वीस वर्षांच्या गाडीत काय काय झालेलं नसतं? सस्पेन्शन वाजतं, डाव्या दाराची रबरं गेलीत, हॉर्न कधीकधी रुसतो. सगळ्याची यादी देत बसायचं का? घेणारा बघून घेतो, मिस्त्री आणतो, चालवून पाहतो, म्हणून तर जुन्याचा भाव जुना असतो. त्यानं विचारलं तर मी सांगेन. न विचारता माझ्याच मालाची निंदा मी का करायची?

हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. इसवी सनपूर्व ४४ मध्ये सिसेरोनं कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो दिलाय. एक माणूस घर विकतोय. घरात साप निघतात, लाकूड किडलेलं आहे, आणि हे मालकाशिवाय कोणाला माहीत नाही. सांगायला हवं का? बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, लपवणं वेगळं आणि न बोलणं वेगळं. मी खोटं बोललो नाही, घे म्हणून जबरदस्तीही केली नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, हे वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवण्यासारखं आहे, किंबहुना त्याहून वाईट, कारण तू त्याला जाणूनबुजून चुकू देतोयस. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे: प्रत्येक मौन म्हणजे लपवणं नव्हे, पण समोरच्याला कळलं असतं तर त्याच्या कामाचं होतं, आणि त्याला न कळण्यात माझा फायदा होता, तर ते लपवणंच. गंमत म्हणजे आपल्या कायद्यात हे दोघंही आहेत. घर विकताना १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, घेणाऱ्याला साध्या काळजीनं सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष ठाऊक असेल तर विकणाऱ्यानं तो सांगायलाच हवा. गाडी ही वस्तू. तिला १९३० चा मालविक्री कायदा लागू, आणि तिथं काही अपवाद सोडले तर मूळ नियम घेणाऱ्यानं सावध राहावं हाच. घराला अँटिपेटर, गाडीला डायोजेनीस.

पण बाबांचा यादीचा मुद्दा सोपा नव्हता आणि सिसेरो त्यात फार मदत करत नाही. सगळंच झिजलेलं असताना नेमकं कुठलं सांगायचं? मी दोन दिवस विचार केला आणि मला जो फरक सापडला तो असा. सस्पेन्शन झिजलं ते वापरानं. ते कोणी ठरवलेलं नाही. वीस वर्षं चाललेली गाडी म्हटल्यावर घेणारा ते धरूनच चालतो. हीटर झिजला नाही. तो एका दुपारी, एका गॅरेजात, दोन माणसांनी ठरवून काढला, आणि ठरवताना त्यांच्यासमोर एक विशिष्ट मालक आणि एक विशिष्ट शहर होतं. झीज गाडीची असते. निर्णय आपला असतो. गाडी विकली की झीज तिच्याबरोबर आपोआप जाते. निर्णयाची कारणं मात्र आपल्याकडेच राहतात, जर कोणी ती हातात दिली नाहीत तर. आणि कारणांशिवायचा निर्णय कसाऱ्याच्या वळणावर नुसता बिघाड असतो.

हे मी बाबांना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलं की भाव पाडेल."

"किती पाडेल?"

"दोन हजार."

"मग दोन हजारांसाठी आपण बोलतोय का हे?"

ते काही बोलले नाहीत. आई म्हणाली, भात घ्या.

रविवारी सर आले. गाडी पाहिली, डायमंड गार्डनपर्यंत चालवून आणली, बॉनेट उघडलं. बाबा स्वतःहून पुढे झाले आणि बोट दाखवून म्हणाले, "सर, हा पाइप बघा. हीटर काढलेला आहे. मुंबईत लागत नाही म्हणून. तुमच्याकडे लागेल." मग घाटातलं सगळं सांगितलं, मी त्यांना सांगितलं होतं त्यापेक्षा चांगलं. सर वाकून बघत राहिले. त्यांनी नाशिकला कोणाला तरी फोन लावला, कॉक मिळेल का विचारलं, मिळेल असं कळलं. मला वाटलं झालं.

फोन ठेवून ते म्हणाले, "काका, बरं झालं सांगितलंत. आणखी काय काय बायपास केलंय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात 'घे' होतं. हे मी धरलं नव्हतं. आपण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली की समोरच्याचा विश्वास वाढेल असं वाटतं. पण एक लपलेली वाट दाखवली की माणूस साहजिकच बाकीच्या भिंतीही ठोकून बघायला लागतो. न सांगणाऱ्याच्या गाडीवर त्यानं जास्त विश्वास ठेवला असता. बाजाराची ही बाजू अँटिपेटरनं पाहिली होती की नाही कोण जाणे.

"काही नाही," बाबा म्हणाले. मग थांबून, "थांबा, वही आणतो."

बाबांची गाडीची वही आहे, पहिल्या दिवसापासूनची. पेट्रोल, किलोमीटर, सर्व्हिसिंग, पंक्चर. सरांनी ती बोनेटवर ठेवून पानं उलटायला सुरुवात केली. बायपासच्या दिवसाची नोंद सापडली. बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'गरम हवा येत होती. काम केले.'

त्याच्या पुढच्या पानावर, दोन महिन्यांनी: 'पंखा. काम केले.' त्याखाली: 'मीटर. काम केले.'

सरांनी खिशातून पेन काढलं. "काका, बसूया का जरा? 'काम केले' म्हणजे प्रत्येक ठिकाणी काय केलं ते सांगा, मी शेजारी लिहितो." आईनं गॅलरीतून चहाचं विचारलं. बाबांनी चष्मा लावला, पहिल्या पानावर गेले आणि आठवायला लागले.